फैलजामीन

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका स्नेह्यांनीं ठासणीच्या बंदुकीच्या परवान्यासाठीं अर्ज केला. हे गृहस्थ दक्षिण कोंकणांत, आमच्याच तालुक्यांत, भातशेती व नारळीपोफळीची बाग करितात. जमीन डोंगराच्या कुशीला असल्यामुळें भात पोटरींत आलें कीं रानडुकरें खालीं उतरतात, आणि बागेंत वानरें कांहीं ठेवीत नाहींत. अर्जाच्या चौकशींत अर्जदारास ओळखणाऱ्या कोणा प्रतिष्ठिताचा जबाब पाहिजे होता. त्यांनीं आमचें नांव दिलें. ठाण्याचे हवालदार आले तेव्हां आमच्यासमोर मोडी कागदांचा रुमाल सोडलेला होता. तो पाहून ते दाराशींच चपला काढून अंमळ दूर बसले, आणि त्यांनीं तीन प्रश्न विचारले. अर्जदारास किती वर्षें ओळखतां? त्यांची वागणूक कशी आहे? त्यांच्या हातीं बंदूक गेल्यास कोणास धोका आहे असें आपणांस वाटतें काय?

पहिल्या दोहोंचीं उत्तरें तोंडावर होतीं. बत्तीस वर्षांची मैत्री, वागणूक सचोटीची. तिसऱ्या प्रश्नाशीं मात्र आम्ही अडखळलों. आमचे स्नेही शीघ्रकोपी आहेत, आणि एका बांधावरून त्यांचा व त्यांच्या चुलतबंधूंचा दावा दिवाणी न्यायालयांत चालूं आहे, हें आम्हांस ठाऊक होतें. हवालदारांकडून आम्हीं दोन दिवसांची मुदत मागून घेतली. त्या दोन दिवसांत एका जुन्या शब्दाचा माग काढीत जे कागद व ग्रंथ पुन्हां चाळले गेले, त्यांचा वृत्तान्त वाचकांपुढें ठेवीत आहों. तो शब्द म्हणजे फैलजामीन.

'फिअल' ह्या अरबी शब्दाचा अर्थ कृत्य किंवा करणी. मराठींत रुळतां रुळतां त्याला वाईट वास लागला आणि फैल म्हणजे चाळे, दुर्वर्तन असा अर्थ झाला. जुन्या व्यवहारांत जामिनाचे जे प्रकार होते त्यांत हाजीरजामीन हा असामीस बोलावल्या वेळीं हजर करण्याची हमी देई. मालजामीन पैसा भरण्याची. आणि फैलजामीन असामीच्या वर्तनाची. ह्यांखेरीज आडजामीन म्हणून एक असे, तो जामिनाचाही जामीन. जुन्या कागदांची ज्यांना संवय आहे त्यांना ही परिभाषा नवी नाहीं. परंतु एका गोष्टीकडे पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं असें आम्हांस वाटतें. फैलजामीन हा मागील वर्तनाचा दाखला नव्हे. हा मनुष्य आजवर चांगला वागला, एवढें सांगून जामीनदार मोकळा होत नसे. हा मनुष्य उद्यां वांकडा वागला तर मी उत्तर देईन, असें तो लिहून देत असे. दाखला मागें पाहतो, जामीन पुढें पाहतो. आमची पुढील सर्व चर्चा ह्या एका भेदावर उभी आहे.

मराठी राज्यांत घरोघर तरवार किंवा भाला असे, क्वचित् बंदूकही असे. ती बाळगण्यास आजच्यासारखा परवाना नव्हता. सरकारची नजर हत्यारापेक्षां हत्यार धरणाऱ्या माणसावर असे. शिवाजीमहाराज नोकरीस येणाऱ्या प्रत्येक माणसास स्वतः पाहून घेत, आणि ज्यांची ओळख नसे त्यांच्या इमानाविषयीं व वर्तणुकीविषयीं आधींच चाकरींत असलेल्या कोणाचा तरी जामीन घेत, असें ग्रँट डफ ह्यानें १८२६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासांत लिहिलें आहे. डफच्या पुष्कळ विधानांवर राजवाड्यांनीं कोरडे ओढले आहेत, आणि ते त्यानें कमावलेलेच होते. पण हें विधान त्या काळच्या एकंदर रीतीशीं जुळतें. शिबंदींत शिरणारा नवा मनुष्य कोणाच्या तरी शब्दावर आंत येई, आणि तो शब्द देणारा शेजारच्याच बिऱ्हाडांत राहत असल्यामुळें त्याला पळवाट नसे. मुलकी व्यवहारांतही हीच तऱ्हा. गोतसभेपुढें तंटा गेला म्हणजे दोन्ही पक्षांकडून राजीनामा, म्हणजे सभेचा निवाडा मान्य करण्याची राजीखुशीची कबुली, लिहून घेत. (चाकरी सोडण्याला हाच शब्द पुढें कसा चिकटला, हा स्वतंत्र टिपणाचा विषय आहे.) त्या कबुलीच्या जोडीला निवाड्याप्रमाणें वागण्याबद्दल वर्तणुकीचे जामीन घेत.

परंतु हत्यारबंद माणसाच्या वर्तनाची हमी ही गोष्ट सर्वांत ठळकपणें दिसते ती देशावर नव्हे, तर मराठ्यांच्या अमलाखालीं आलेल्या गुजरातेंत व काठेवाडांत. तेथें जामिनकीच्या दोन परंपरा एकमेकींशेजारीं नांदत होत्या, आणि दोन्ही आपल्या परीनें भयंकर होत्या.

पहिली बडोद्याच्या अरबांची. गायकवाडांच्या पदरच्या अरब जमादारांनीं शिबंदीपलीकडे आणखी एक धंदा आरंभिला होता. दरबारानें कोणास अभय दिलें, सावकाराशीं करार केला, कैद्यास सोडण्याचें वचन दिलें, कीं त्या वचनास अरब जमादाराची हमी लागे. गुजराथींत हिला बांहेधरी म्हणतात. बांह म्हणजे बाहु, तो धरून दिलेलें वचन. राजाच्या शब्दाला त्याच्याच नोकराचा जामीन लागावा ह्यापरतें राज्याचें दैन्य तें कोणतें! पण आनंदराव गायकवाडांच्या आरंभींच्या वर्षांत वस्तुस्थिति ती होती. १८०२ च्या डिसेंबरांत कंपनीच्या फौजेनें बडोद्यास वेढा देऊन अरबांना शहराबाहेर काढलें, तेव्हां हा सारा जामिनकीचा पसारा कंपनीनें स्वतःच्या अंगावर घेतला. अरबांच्या जागीं इंग्रज जामीन झाला, एवढाच काय तो फरक. पुढें दुसऱ्या सयाजीरावांच्या कारकीर्दींत ह्याच हमीखालीं असलेल्या सावकारांवरून व मुत्सद्द्यांवरून दरबार आणि रेसिडेन्सी ह्यांच्यामध्यें जे वर्षानुवर्षें खटके उडाले ते बडोद्याच्या इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. दुसऱ्याच्या शब्दाला जामीन राहणारा बलवान् असला म्हणजे तो हळूहळू धनी होऊन बसतो.

दुसरी परंपरा काठेवाडांतील भाट-चारणांची. ह्या मंडळीपाशीं फौज नव्हती, धनही बेताचेंच. त्यांच्या जामिनकीला तारण होतें तें त्यांचें पवित्र मानलेलें रक्त. ज्याच्यासाठीं जामीन राहिला त्यानें वचन मोडलें, तर चारण त्याच्या दारीं जाऊन स्वतःस जखम करून घेई, वेळीं प्राणही देई. ह्याला त्रागा म्हणत. मराठींत आज त्रागा करणें म्हणजे नुसतें आदळआपट करणें; तिकडे तो शब्द रक्तानें भिजलेला होता. चारणहत्येचें पातक आपल्या कुळाला लागेल ह्या धाकानें मोठमोठे गिरासिये नमत. करारपत्रावर सही करतांना भाट किंवा चारण आपल्या नांवापाशीं कट्यारीची आकृति काढी, ह्याची नोंद फोर्ब्स ह्यानें १८५६ सालच्या 'रासमाला' ग्रंथांत केली आहे. आपल्याकडील महजरांवर मराठ्यांच्या नांवापुढें निशाणी कट्यार आणि कुणब्यांच्या नांवापुढें निशाणी नांगर पाहण्याची आम्हांस संवय असते. पण चारणाची कट्यार ही नुसती जातीची खूण नसून कराराचें एक कलमच होती, असें म्हणावें लागतें.

ह्या प्रथेचें काव्यमय वर्णन करण्याचा मोह पुष्कळांना झालेला आहे. आम्ही त्यांत सामील होऊं इच्छीत नाहीं. त्राग्याच्या हकीकती पाहिल्या तर अनेकदां मरण येई तें जामीन राहिलेल्या पुरुषाला नव्हे, तर त्याच्या घरांतील एखाद्या वृद्धेला. जामिनकी एकाची आणि रक्त दुसऱ्याचें, हा व्यवहार उदात्त म्हणण्याजोगा नाहीं. तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. जामीन राहणाऱ्या चारणाला आपल्या असामीवर नजर ठेवण्याचें कारण होतें आणि त्याला अडविण्याचा अधिकारही होता. गिरासिया घोड्यावर बसून शेजाऱ्याच्या गांवावर निघाला तर त्याचा लगाम धरणारा एक तरी मनुष्य त्या प्रदेशांत होता.

आतां फैलजामिनाकडे वळूं. काठेवाडांतील संस्थानिकांकडून पेशवे व गायकवाड ह्यांची खंडणी मुलूकगिरीनें वसूल होत असे. म्हणजे ठराविक मोसमांत फौज फिरवायची आणि पैसा किंवा जामीन मिळेपर्यंत गांवांत तळ द्यावयाचा. १८०७ सालीं बडोद्याचा रेसिडेंट कर्नल अलेक्झांडर वॉकर हा कंपनीची व गायकवाडांची अशी संयुक्त फौज घेऊन काठेवाडांत उतरला आणि एकेका संस्थानिकाशीं खंडणीचा दहा वर्षांचा आंकडा ठरवून टाकला. हाच ठराव पुढें कायमचा झाला. इतिहासांत वॉकरचा बंदोबस्त ह्या नांवानें जो प्रसिद्ध आहे तो हा. त्यांतील खंडणीच्या आंकड्यांवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आमच्या विषयाला महत्त्वाचे आहेत ते त्याबरोबर लिहून घेतलेले फैलजामिनाचे कतबे.

ह्या कतब्यांत संस्थानिक काय कबूल करतो? वाटमारी करणार नाहीं. चोरांस व बंडखोरांस आश्रय देणार नाहीं. शेजाऱ्याची जमीन बळकावणार नाहीं. जुनें वैर उकरून तंटा करणार नाहीं. आणि ह्या वर्तनाबद्दल दुसरा कोणी, भाट-चारण किंवा एखादा दुसरा संस्थानिक, जामीन राहतो. हमी मुदतीची नव्हे, कायमची. हत्यारें कोणाचींच काढून घेतलीं नाहींत. घोडे, तरवारी, तोडेदार बंदुका सर्व ज्याच्या त्याच्यापाशीं राहिलें. बांधून घेतलें तें फक्त त्यांचें चालविणें.

काठेवाडांत ह्याची गरज कां पडली, ह्याचें कारण ध्यानांत घेण्यासारखें आहे. तिकडे संस्थानिकाच्या भाऊबंदांस भायात म्हणतात. वडिलोपार्जित जमिनीच्या वांटणींत ज्याच्यावर अन्याय झाला, किंवा झाला असें ज्याला वाटलें, तो भायात हत्यार घेऊन गांवाबाहेर पडे आणि बहारवटिया होई. मग ज्या भावानें जमीन दाबली त्याचीं खेडीं जाळणें, गुरें वळणें हा त्याचा न्याय. म्हणजे ज्या फैलांबद्दल जामीन मागितला जाई त्यांच्या मुळाशीं बहुधा परका शत्रु नसून घरचाच बांध असे. हें वाचतांना आम्हांस आमच्या स्नेह्यांचा दावा आठवला नाहीं, असें म्हटल्यास तें खरें होणार नाहीं.

वॉकरच्या कतब्यांचा शेवट बडोद्याच्या बांहेधरीसारखाच झाला. १८१७ च्या पुणें येथील तहानें पेशव्यांचे काठेवाडांतील हक्क कंपनीकडे गेले, १८२० सालीं गायकवाडांनीं आपली खंडणी कंपनीमार्फत वसूल करून घेण्याचें मान्य केलें, आणि राजकोटास इंग्रजांची एजन्सी बसली. चारणाची कट्यार, शेजारच्या संस्थानिकाची हमी, आडजामीन, ह्या सर्वांच्या डोक्यावर एकच मोठा जामीन येऊन बसल्यावर लहान जामिनांना कोणी पुसेनासें झालें.

ह्यानंतरचा इतिहास सर्वांस माहीत असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. १८५७ च्या युद्धाबरोबर हत्यारांविषयीं पहिला तात्पुरता कायदा झाला, १८६० सालीं दुसरा झाला व त्यांत कांहीं प्रदेशांतील लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचा अधिकार सरकारनें घेतला, आणि १८७८ सालीं लॉर्ड लिटनच्या अमदानींत हत्यारांचा तो सुप्रसिद्ध अकरावा कायदा आला. देशी वृत्तपत्रांचें तोंड बांधणारा कायदाही त्याच महिन्यांतला. आतां नजर माणसावरून हत्याराकडे वळली. परवान्यावांचून बंदूक म्हणजे गुन्हा. मात्र युरोपियनांना ह्यांतून सूट होती, तशीच कांहीं किताबवाल्यांना व मानकऱ्यांना. ज्याच्या कातडीचा रंग गोरा, त्याचा रंगच त्याचा फैलजामीन! १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेंत बिपिनचंद्र पाल ह्यांनीं ह्या कायद्याविरुद्ध भाषण केलें, आणि पुढें तीस वर्षें सभेंत ही तक्रार निघत राहिली. वर्णावरचा हा भेद नियमांतून गेला तो पहिल्या महायुद्धानंतर. कुर्गांतील कोडवांना व जम्मा जमीनधारकांना असलेली सूट मात्र वेगळ्या प्रकारची; ती स्वतंत्र भारतांतही टिकली, आणि २०१९ सालीं केंद्र सरकारनें ती आणखी दहा वर्षें वाढविली. तेथें एका सबंध समाजाचा लौकिकच जामीन राहिला आहे, असें म्हणतां येईल.

फैलजामीन हा शब्द गेला तरी वस्तु अगदींच गेली नाहीं. ती हत्यारांच्या कायद्यांतून निघून फौजदारी कायद्यांत शिरली. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ११० व्या कलमाखालीं सराईत गुन्हेगाराकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेत, आणि पुढें केलेला जामीनदार लायक नाहीं असें वाटल्यास न्यायाधीश त्याला नाकारीत. हीच व्यवस्था १९७३ च्या संहितेंत आली, आणि १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेंतही आहे. पण ह्यांत एक उलटापालट झाली. जुना फैलजामीन प्रतिष्ठित संस्थानिकही देत असे व त्यांत कमीपणा नव्हता. नव्या व्यवस्थेंत वर्तणुकीचा जामीन हा कलंक ठरला; इतका, कीं १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नवव्या कलमान्वयें ज्याच्याकडून असें बंधपत्र घेतलें आहे त्याला बंधपत्राच्या मुदतींत बंदूक बाळगतांच येत नाहीं.

त्याच १९५९ च्या कायद्यांत दोन गोष्टी आम्हांस आवडल्या. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक मागणाऱ्याची त्यांत वेगळी दखल घेतली आहे. आणि केवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्या कारणानें कोणाचा परवाना नाकारूं नये, असें चौदाव्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. मालजामिनाचें भूत त्या एका वाक्यानें उतरविलें. परंतु अर्जदाराच्या स्वभावाची माहिती मिळावी कशी? कायदा म्हणतो, जवळच्या ठाण्याच्या अंमलदाराचा अहवाल घ्यावा. अंमलदार नवा, बदलून आलेला. तो हवालदारास पाठवितो. आणि हवालदार एखाद्या मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्याच्या ओटीवर येऊन तिसरा प्रश्न विचारतो. त्या म्हाताऱ्याच्या जबाबास तारण कांहीं नाहीं. रक्त नको, जमीन नको, अरबाची जांबिया नको. "वर्तणूक चांगली" एवढे दोन शब्द लिहून दिले कीं तो मोकळा. पुढें बंदुकीनें काय केलें ह्याच्याशीं त्याचा कागदोपत्रीं संबंध उरत नाहीं.

आम्हांस हें मोकळें होणें जड गेलें. दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं स्नेह्यांना बोलावून आम्हीं स्पष्ट सांगितलें कीं जबाबांत बांधाच्या दाव्याचा उल्लेख आम्ही करणार. ते उठून उभे राहिले. "म्हणजे एवढ्या वर्षांनीं तुमचा माझ्यावर विश्वास नाहीं, असेंच ना?" असें म्हणून ते जाऊं लागले. आम्हीं त्यांना वॉकरच्या कतब्यांतील कलमें वाचून दाखविलीं. आम्हांस तुमचा दाखला द्यावयाचा नाहीं, तुमचा जामीन राहावयाचें आहे, हें आम्ही सांगत होतों. त्यांना तें किती पटलें कोण जाणे. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग, गावांतल्या बंदुका दर निवडणुकीला ठाण्यांत जमा होतातच, तेव्हां तुमच्या सांगण्यावरून एकदां जास्त झाली तर माझें काय जातें, असें कांहींसें पुटपुटून त्यांनीं कागद मागितला.

तिसऱ्या दिवशीं हवालदारांस आम्हीं जबाब दिला. ओळख बत्तीस वर्षांची, सचोटीविषयीं शंका नाहीं, स्वभाव तापट, चुलतबंधूंशीं दिवाणी दावा चालूं, आजवर हातघाईचा प्रसंग आलेला नाहीं, रानडुकरांचा उपद्रव खरा. त्यांनीं सर्व लिहून घेतलें आणि सही घेण्यापूर्वीं, तापट हा शब्द ठेवायचा काय, असें सौजन्यानें विचारलें. आम्हीं तो ठेवविला. परवान्याची चौकशी हें लिहीपर्यंत पुरी झालेली नाहीं. स्नेही भेटतात, परंतु ओटीवर बसत नाहींत.

त्यांनीं लिहून दिलेला कागद आमच्या रुमालांत आहे. साधा रेघी ताव, एकच बंद, मजकूर सात ओळी. बंदूक दाव्याच्या बांधावर नेणार नाहीं; चुलतबंधूंशीं बोलाचाली वाढल्यास तुमच्या सांगण्यावरून ती त्याच दिवशीं ठाण्यांत जमा करीन; हें पुढेंही चालवीन. खालीं आम्ही जामीन म्हणून सही केली, आणि आडजामीन म्हणून त्यांच्या पत्नीनें. स्नेह्यांनीं आपल्या सहीपुढें पेनानें एक आकृति काढली आहे. आम्हांस प्रथम ती कट्यार वाटली. चष्मा पुसून पाहिलें तों नांगर होता.